खरं बोललो, तर ताई गप्पच झाल्या

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी चाळिशीतला हौशी कवी. आमचा वीस-पंचवीस जणांचा एक समूह आहे. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. कविता लिहायची, समूहात पाठवायची आणि इतरांनी अभिप्राय द्यायचा, एवढाच नियम. अभिप्राय म्हणजे काय, तर ‘अप्रतिम’, ‘क्या बात’, ‘निःशब्द’ आणि फुलांचे गुच्छ. दोन महिन्यांपूर्वी एका ताईंनी वडिलांवरची कविता पाठवली. तिचा शेवट असा होता :

बाबा गेले,
आणि त्यांच्या चष्म्याची काच
अजून कुणी पुसलेली नाही.
खरंच, माणूस जातो पण आठवणी राहतात.

सगळ्यांनी फुलं वाहिली. मी लिहिलं, “शेवटची ओळ गुळगुळीत आहे. ती काढली तर कविता बरी होईल.” त्यानंतर ताईंची एकही कविता आलेली नाही. दोघातिघांनी मला खासगीत सुनावलं. माझं म्हणणं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. मग खरं बोलायचंच नाही का? आणि माझ्या कवितांवरही नुसती फुलंच येतात, त्यांचं काय करू? समूह सोडून द्यावासं वाटतं. सोबत माझ्याच दोन ओळी पाठवतो आहे. कशा वाटल्या, तेही कळवा.
– एक अर्धामुर्धा कवी

उत्तर :

अर्धेमुर्धे कवी, नमस्कार.

शेवटची ओळ गुळगुळीत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याशी भांडावं लागणार नाही. ती ओळ आपण सगळ्यांनी शंभर वेळा वाचली आहे, आणि चष्म्याची काच मात्र त्या ताईंच्या घराशिवाय कुठेच नव्हती. तुमचा कान चांगला आहे.

तरीही तुमची दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली आणि मला त्यांत एक गोष्ट सापडली नाही. तुम्हाला ती काच दिसली, हे तुम्ही ताईंना सांगितलंच नाहीत. मला पत्रात त्या चारही ओळी तुम्ही उतरवून पाठवल्यात. म्हणजे दोन महिने त्या तुमच्याजवळ राहिल्या. ताईंना ते कसं कळणार? त्यांना कळलं ते एवढंच, की पंचवीसजणांत एकाने कविता नीट वाचली आणि त्याला ती ‘बरी’ होण्यासारखी वाटली. ‘बरी’ हा शब्दही काय निवडलात हो!

आता तुमच्या त्या फुलवाल्यांबद्दल. आपल्याकडे एक सुभाषित आहे. उंटाच्या लग्नात गाढवं गायला बसतात आणि मग दोघं एकमेकांची तारीफ करतात, ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’. काय रूप, काय आवाज! हौशी कवींच्या कुठल्याही मेळ्याला हे सुभाषित चिकटवलं जातं आणि चिकटवणारा स्वतःला त्या लग्नाबाहेरचा समजतो. मला मात्र त्यात नेहमी एक वेगळीच गोष्ट दिसते : गाढव गायलं. कुणीतरी ऐकतंय म्हणून गायलं. माणूस पहिल्या पन्नास कविता लिहितो त्या बहुतेक वाईट असतात आणि त्या लिहून झाल्याशिवाय एक्कावन्नावी येत नाही. तेवढा काळ त्याला कुणीतरी ‘वा’ म्हणणारं लागतं. तुमच्या समूहातल्या फुलांनी कितीजणांना एक्कावन्नावीपर्यंत पोचवलं असेल, कोण जाणे. म्हणून फुलांना सरसकट हसू नका. (‘निःशब्द’ला हसा. निःशब्द झालो हे सांगायलाही शब्द लागतो, आणि नेमका हाच लागतो.)

माझी तक्रार दुसरीच आहे. ‘अप्रतिम’ लिहायला कविता दुसऱ्यांदा वाचावी लागत नाही. आणि ‘शेवटची ओळ काढा’ लिहायलाही वाचावी लागत नाही. दोन्ही निकाल आहेत. एकाने पेढे वाटले, दुसऱ्याने नापास केलं, इतकाच फरक. कविता वाचताना वाचणाऱ्याचं काय झालं, हे दोघांनीही सांगितलं नाही. कवीला तीच एक गोष्ट स्वतःहून कळू शकत नाही. ओळ गुळगुळीत आहे का, हे तो कधीतरी स्वतःच ओळखेल. पण अनोळखी माणूस त्याच्या कवितेत शिरल्यावर कुठे थबकला, कुठे त्याचं लक्ष उडालं, कुठे मागे वळून पुन्हा वाचलं, हे त्याला कुणीतरी सांगावंच लागतं.

मी विशीत असताना कवितांची एक वही एका ज्येष्ठ कवींकडे दिली होती. बत्तीस कविता. महिन्याभराने वही परत आली. आत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. अकरा ठिकाणी समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. मी विचारलं, हे काय? म्हणाले, “इथे मी थांबलो.” चांगलं म्हणून थांबलात की वाईट म्हणून? “ते तुम्ही बघा.” मी इतकी चिडले की वही पिशवीत कोंबून निघून आले. नंतर कित्येक रात्री त्या ठिपक्यांशी बसले. सात ठिपके अशा ओळींपाशी होते ज्या मी भर्रकन, न सजवता लिहिल्या होत्या. तीन ठिपक्यांपाशी शब्दांची अदलाबदल झाल्याने अर्थच लागत नव्हता. अकराव्याचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. कदाचित तिथे त्यांना शिंक आली असेल. ज्या कवितांचा मला अभिमान होता त्यांत एकही ठिपका नव्हता. म्हणजे तिथून ते न अडखळता, न थांबता, सरळ चालत गेले होते. एवढं मला कुणी बोलून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

अर्थात दोन वाक्यं त्यांनी बोलायला हवी होती, असं मला आजही वाटतं. ठिपक्यांनी मी शिकले, पण माझ्याऐवजी दुसरी कुणी असती तर तिने वही कायमची मिटली असती. ताईंचं तेच झालं असावं.

म्हणून पुढच्या वेळी एक करून बघा. कविता आली की मोठ्याने वाचा. मनात वाचताना डोळा खड्डे बुजवत जातो. जीभ मात्र अडखळते तिथे अडखळतेच. मग ती बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, पुन्हा न बघता, काय आठवतंय ते आधी लिहा. जे आठवलं ते कवितेतलं जिवंत. तिथून सुरुवात करा. नंतर कविता उघडून आपण कुठे अडलो ते सांगा, आणि ‘मी अडलो’ असंच सांगा. ‘तुमची ओळ चुकली’ असं म्हटलं की वाद सुरू होतो. ‘मी इथे दोनदा वाचलं, तरी कोण बोलतंय ते कळेना’ यावर वाद घालताच येत नाही, कारण ती तुमची हकिगत आहे. आणि कवितेतल्या ‘मी’ला कवी समजू नका. ‘तुम्ही फारच एकट्या दिसता’ हा अभिप्राय नव्हे, ही चौकशी झाली. ‘कवितेतली बाई’ म्हणा. त्या दोन शब्दांच्या आडोशाने कवीला स्वतःच्याच दुःखाबद्दल मोकळेपणाने बोलता येतं.

‘निंदकाचे घर असावे शेजारी’ हे तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवेलच. शेजारी असावं हे कबूल. न बोलावता माजघरात येऊन बसावं असं त्यात म्हटलेलं नाही.

आणि बोलावणं हे कवीने करायचं असतं. तुमच्या समूहाचं खरं दुखणं मला इथे दिसतं. सगळे कविता पाठवतात. कशासाठी पाठवली, हे कुणीच सांगत नाही. मन मोकळं करायला? शाबासकीसाठी? की दुरुस्तीला? वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला की एक कवी गप्प होतो. १५ एप्रिल १८६२ या दिवशी एमिली डिकिन्सन या एकतीस वर्षांच्या अमेरिकन बाईने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाला, ओळखपाळख नसताना, चार कविता पाठवल्या. सोबतच्या पत्रात तिने काय विचारलं असेल? कशा वाटल्या, छापण्याजोग्या आहेत का, असलं काही नाही. माझ्या कविता जिवंत आहेत का, तेवढं सांगाल का, असं विचारलं. प्रश्न नेमका असला की उत्तर देणाऱ्यालाही नेमकं व्हावं लागतं. हिगिन्सनने बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या असाव्यात, कारण पुढच्याच पत्रात तिने त्याच्या ‘शस्त्रक्रिये’बद्दल आभार मानले आणि वाटलं होतं तितकं दुखलं नाही, असं कळवलं. तिच्या कवितेची चाल त्याला झटके देणारी, बेलगाम वाटत होती. तिने त्याचं ऐकून घेतलं, आभार मानले आणि चाल बदलली नाही. १८८६ मध्ये ती वारली तोवर त्यांचा पत्रव्यवहार चालू होता.

ही गोष्ट मी इतक्या लांबवर सांगते आहे ती तिच्या शेपटासाठी. बाईंच्या मागे जवळजवळ अठराशे कविता निघाल्या. १८९० मध्ये पहिलं पुस्तक निघालं तेव्हा हिगिन्सन त्याच्या दोन संपादकांपैकी एक होता, आणि त्या पुस्तकात कुठे यमक जुळवून घेतलं, कुठे विरामचिन्हं सरळ केली, कुठे शब्द बदलले. प्रेमानेच केलं. सगळ्या कविता तिच्या मूळ रूपात एकत्र छापून यायला १९५५ साल उजाडावं लागलं. तो कविता वाचणारा होता, तिला जपणारा होता, आणि तरी त्याचा कान तिच्या मागे होता. दुसऱ्याची ओळ स्वतःच्या हाताने ‘सुधारून’ देण्याचा मोह मला झाला की मी ही पासष्ट वर्षं आठवते. अडलो ते सांगावं. ओळ तिची तिला लिहू द्यावी.

लहानसहान दोन गोष्टी. शुद्धलेखनाच्या चुका चारचौघांत काढू नका, वेगळं कळवा. आणि ऱ्हस्व-दीर्घ दाखवण्याआधी कविता वृत्तात आहे का बघा. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक कवीला आपल्या लेखननियमांनीच दिली आहे. काहीजण ती चूक समजून दुरुस्त करतात आणि चांगली चाललेली ओळ लंगडी होते. दुसरं, तुमच्या समूहात गझल लिहिणारे असतील तर तिथे काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसेच पुन्हा येणारे शब्द), अलामत (यमकातला जुळणारा स्वर) यांवर भरपूर चर्चा होत असणार. होऊ दे. पण मोजता येतं तेवढ्यावरच बोलायची सवय लागते, हे लक्षात असू द्या. तंत्रात निर्दोष आणि आत पोकळ असा शेर मी इतक्यांदा ऐकलाय की दोष असलेला शेर आला की मी सावरून बसते.

ताईंना लिहायचं आहे, आणि ते समूहात नाही, त्यांना एकट्यांना. ‘माझं चुकलं, ओळ छानच होती’ असं मुळीच लिहू नका. त्यांना तुमचं खोटं लगेच कळेल, आणि मग तुमची खरी दादही खोटी ठरेल. साधारण असं काहीतरी :

“ताई, वडिलांवरच्या तुमच्या कवितेतली ती न पुसलेली काच माझ्या डोळ्यांपुढून दोन महिने हललेली नाही. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, आणि मी भलतंच बोललो, तेही सगळ्यांसमोर. ती कविता तुम्ही दुरुस्तीसाठी पाठवली होती का, हेही मी विचारलं नाही. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. नवीन काही लिहिलं असेल तर वाचायला आवडेल. म्हणालात तर नुसतं वाचेन.”

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि ते पाळा. शेवटच्या ओळीबद्दल त्यांनी स्वतः विचारलं तरच बोला. तेव्हा ही ओळ त्यांनी कुणासाठी लिहिली असेल, याचाही एकदा विचार करा. माझा अनुभव असा की कवी असली ओळ स्वतःसाठी लिहीतच नाही. काचेवर थांबायची भीती वाटते, वाचणाऱ्याला कळेल की नाही असं वाटतं, म्हणून तो निघताना दारात उभा राहून आणखी एक वाक्य बोलतो. ‘गुळगुळीत आहे’ म्हटलं की लाज वाटते. ‘मला काचेपाशीच सगळं कळलं होतं’ म्हटलं की तीच ओळ कवी स्वतःहून काढतो. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा लिहू नका. दोन महिन्यांपूर्वी वडिलांवर कविता लिहिणारी बाई कशामुळे गप्प आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. सगळंच तुमच्या दोन वाक्यांमुळे झालं असेल असं धरून चालणं हाही थोडा अहंकारच आहे, रागावू नका.

समूह सोडू नका, पण त्याच्याकडून सगळं मागूही नका. पंचवीसजणांत खोल वाचणारे दोनच निघतील. ज्यांच्या कविता तुम्हाला स्वतःला आवडतात असे दोघे हेरा आणि सांगा, मी तुमची कविता सावकाश वाचेन, तुम्ही माझी वाचा. दहाजणांची मतं घेऊ नका. कविता दहा दिशांना ओढली जाते. आलेली मतं मात्र न बोलता ऐका. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य जिभेवर आलं की समजा, ते कवितेत आलेलं नाही. तिघं एकाच जागी अडले असतील तर तिथे काहीतरी आहे, मग तिघांचे उपाय तीन वेगळे आणि तिन्ही भयंकर का असेनात.

आता तुमच्या दोन ओळी.

तुझी वाट पाहून डोळे थकावे
घरी दिवा एकटा जागाच राहे

तुम्ही फक्त ‘कशा वाटल्या’ विचारलंत. वर इतकं सांगून झालं तरी तुम्हीही तेच केलंत, पण पत्र आधीचं आहे म्हणून माफ.

पहिली ओळ मी मोठ्याने म्हटली आणि ती आपोआप मनाच्या श्लोकांच्या चालीत गेली. त्या वृत्ताचं नाव भुजंगप्रयात. लघु म्हणजे आखूड अक्षर, गुरु म्हणजे लांब. लघु-गुरु-गुरु, चार वेळा : तुझी वा, ट पाहू, न डोळे, थकावे. चोख. त्याच चालीत दुसरीत शिरले आणि तिसऱ्याच अक्षरावर ठेचकाळले. ‘घरी’पर्यंत ठीक, पुढे गुरु हवा तिथे ‘दि’ आला. अक्षरं तुम्ही बारा मोजून भरलीत, म्हणजे वृत्त मनात होतं. कदाचित बोटांवर अक्षरं मोजलीत, लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, नाही मोजलात. यमकाबद्दल : ‘थकावे’ आणि ‘राहे’ यांचे स्वर जुळतात, व्यंजन जुळत नाही. मला चाललं, ओळीच्या ओघात खटकलं नाही. कुणाला खटकेल.

मग मी तेच केलं जे करू नये म्हणून वर एवढं सांगितलं. मनातल्या मनात ओळ बदलून पाहिली : ‘घरी एकटा दीप जागाच राहे’. वृत्त तंतोतंत बसलं. आणि ओळ मेली. ‘दिवा’ हा घरात जळतो, त्याची काजळी पुसावी लागते. ‘दीप’ पुस्तकात जळतो. त्याला वाट बघता येत नाही. तुम्हाला ‘दिवा’ सुचला तो नकळत सुचला असेल, पण तुमच्या दोन ओळींत मला तोच एक खरा शब्द दिसतो. डोळे काय, मराठी कवितेत शेकडो वर्षं थकतच आहेत.

तेव्हा तुमच्यापुढे पेच असा : दिवा ठेवून बाकीची ओळ त्याच्याभोवती पुन्हा बांधायची, की वृत्तच सोडून द्यायचं. ‘दिवा’ लघु-गुरु आहे, म्हणजे भुजंगप्रयाताच्या कुठल्याही गणाच्या (तीन अक्षरांच्या गटाच्या) सुरुवातीला तो आरामात बसतो. जागा आहेत. मी एक शोधून ठेवली आहे, सांगणार नाही.

एक मात्र विचारते. दिवा जागा आहे, तर तो लावला कुणी? डोळे थकलेला माणूस त्या घरात आहे की वाट पाहायला बाहेर गेलाय? मी तिथे दोनदा थांबले. पुढच्या दोन ओळी झाल्या की पाठवा, आणि या वेळी सोबत एक प्रश्न लिहा.